वाढदिवसाला पाण्याचा खेळ? आधी अंगण मोजा!

आमच्या धाकट्याचा वाढदिवस ऐन मे महिन्यात येतो. शाळेला सुट्टी, निम्मी मित्रमंडळी मामाच्या गावाला, आणि जी उरतात ती उन्हानं वैतागलेली. यंदा सात पुरे होणार म्हणून त्यानं एप्रिलपासूनच धोशा लावला होता. "आई, मला केक नको, नवे कपडे नकोत. अंगणात पाण्याची घसरगुंडी हवी. फुगवायची! माझ्या वर्गातल्या मुलाकडे होती."

वडिलांची फूस होतीच. ह्यांनी लगेच फोनवर चित्रं काढून दाखवली. एक घसरगुंडी तर आमच्या गच्चीच्या कठड्याला टेकेल एवढी उंच! मी काही बोलले नाही तेव्हा म्हणाले, "अगं, एका दिवसाचा तर प्रश्न आहे. आणि पाणी किती, तर गुडघाभर. आम्ही कृष्णेत पाठीला डबा बांधून पोहायला शिकलो!"

सांगलीत वाढलेल्या माणसाशी कृष्णेवरून वाद घालण्यात अर्थ नसतो. मी एवढंच म्हटलं, "अहो, नदीला सगळे भितात, म्हणून काठावर चार माणसं डोळ्यांत तेल घालून उभी असतात. टबाला कुणी भीत नाही, तिथंच सगळी मेख आहे."

हे गप्प झाले. कारण आम्हा दोघांनाही तीन वर्षांपूर्वीची ती संध्याकाळ आठवली.

तो गुलाबी फ्रॉक

माझ्या नणंदेकडे तिच्या मुलीचा वाढदिवस होता. मागच्या अंगणात फुगवायचा टब मांडला होता. पाणी कसलं, मोठ्या मुलांच्या पोटरीलाही लागत नव्हतं. तासभर मुलं डुंबली. मग केकची हाक आली आणि सगळी पलटण ओली-कोरडी पुढच्या ओसरीत धावली. आम्ही बायका बशा भरायला लागलो. टब तसाच भरलेला राहिला. 'नंतर रिकामा करू' असं प्रत्येकीनं मनात म्हटलं असेल, किंवा कुणीच म्हटलं नसेल.

सासूबाईंचे गुडघे दुखतात म्हणून त्या तेवढ्या मागच्या दारात खुर्चीवर बसून राहिल्या होत्या. त्यांना टबात काहीतरी गुलाबी फुगलेलं दिसलं. आधी वाटलं, फुगा पडलाय. मग त्या फुग्याला दोन पाय दिसले. त्यांची किंकाळी ऐकून मी हातातली बशी टाकून धावले. शेजारणीची दोन वर्षांची मुलगी टबात पालथी पडली होती. मी तिला उचललं, तिनं खोकून पाणी बाहेर काढलं आणि मोठ्यांदा भोकाड पसरलं. एरवी मुलांच्या रडण्यानं डोकं उठतं, पण त्या रडण्याइतकं गोड मी आजवर काही ऐकलेलं नाही. तसंच तिला रिक्षात घालून डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी काही तास नजरेखाली ठेवून घरी पाठवलं. आज ती मोठ्या शिशुगटात जाते.

मला अजून खुपतं ते हे, की आवाज झालाच नाही. पाच-सहा पावलांवर आम्ही इतक्या बायका होतो, आणि साधं 'छप' सुद्धा ऐकू आलं नाही. बुडणारं माणूस हात मारतं, ओरडतं, ही सिनेमातली समजूत. तोंड पाण्यात गेलं की ओरडायला श्वासच उरत नाही. त्यातून दोन-तीन वर्षांच्या मुलाचं डोकं अंगाच्या मानानं जड. पालथं पडलं तर त्याला ते उचलता येत नाही. दोन इंच पाणीही पुरतं. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की बुडून मरण्याचं प्रमाण 1 ते 4 वर्षांच्या मुलांत सगळ्यात जास्त असतं.

मग काय, पाण्याचा खेळ आणायचाच नाही? तसं मी म्हणणार नाही. मेच्या उन्हात मुलांना पाणी नाकारणं म्हणजे दिवाळीत फराळ नाकारण्यासारखं आहे. आम्हीही आणला. पण दुकानातलं चित्र बघून नाही. आपलं अंगण, आपलं पाणी, आपली वीज आणि आपली माणसं यांचा हिशेब आधी केला. तोच तुम्हाला सांगते.

खेळ कोणकोणते मिळतात?

सगळ्यात साधी ती फवाऱ्याची चटई. गोल, पाच-सहा फुटांची, कडेला हवा भरायची आणि बागेचा पाइप जोडायचा. कडेच्या भोकांतून कारंजी उडतात आणि मुलं मधे नाचतात. आत पाणी इंच-दोन इंचच साठतं. वीज लागत नाही.

दुसरा फुगवायचा टब. पंपानं एकदा हवा भरायची, बूच घट्ट लावायचं, झालं. हा तीन फुटांपासून दहा-बारा फुटांपर्यंत मिळतो. फसगत होते ती इथंच. किमतीत थोडाच फरक दिसतो म्हणून आपण मोठा उचलतो, आणि मग त्याच्यासोबत येणाऱ्या पाण्याचं ओझं कळतं.

तिसरी हवेची घसरगुंडी. जत्रेत ज्याला मुलं 'मिकी माऊस' म्हणतात, त्या उड्या मारायच्या वाड्याचीच ही बहीण. अमेरिकेत लुइझियाना राज्यात जॉन स्करलॉक नावाचे इंजिनियर टेनिस कोर्टावर घालायची हवेची आच्छादनं बनवत होते. कामगार त्यावर उड्या मारून मजा करताना त्यांनी पाहिले, आणि 1950 च्या दशकाच्या अखेरीला हा खेळ जन्माला आला. यात हवा एकदा भरून भागत नाही. शिवणींतून ती सतत बाहेर पडत असते, म्हणून ब्लोअर सतत चालू ठेवावा लागतो. ब्लोअर थांबला की मिनिटा-दोन मिनिटांत सगळा डोलारा मुलांसकट खाली बसतो.

चौथी प्लॅस्टिकची घसरपट्टी. जमिनीवर अंथरायची, पाणी सोडायचं, धावत येऊन पोटावर घसरायचं. कॅलिफोर्नियात रॉबर्ट कॅरियर यांनी आपला मुलगा घरासमोरच्या ओल्या सिमेंटवर घसरताना पाहून 1960 साली ही कल्पना काढली, आणि पुढच्या वर्षी ती बाजारात आली. ही मात्र फक्त मुलांसाठी. मोठ्या माणसाचं वजन जास्त, तो मधेच अडकून थांबतो आणि सगळा भार मानेवर येतो. सात प्रौढ आणि एका तेरा वर्षांच्या मुलाला अशा इजा झाल्यावर अमेरिकेच्या सरकारी ग्राहक-सुरक्षा आयोगानं 1993 मध्ये तसा जाहीर इशारा दिला होता. हे मी मुद्दाम ह्यांना वाचून दाखवलं. 'मुलांबरोबर मीही एकदा' असा त्यांचा बेत होता, तो तिथंच बारगळला.

टेप घेऊन अंगणात उतरा

साडी नेसताना आपण आरशात बघतो, पण खेळ मागवताना अंगण बघत नाही. शिवणाच्या डब्यातली टेप घ्या आणि मोजा. खेळाची लांबी-रुंदी विचारा आणि त्याच्या चारी बाजूंना सहा-सहा फूट मोकळी जागा धरा. मुलं बाहेर पडली तर ती कुंडीवर, पायरीवर किंवा तुळशीवृंदावनाच्या कोपऱ्यावर आदळू नयेत.

मग मान वर करून बघा. खांबावरून घरात येणारी विजेची तार, आंब्याची फांदी, कपडे वाळत घालायची तार. आमच्या अंगणावरून विजेची तार जाते, एवढ्यावरच पंधरा फुटी घसरगुंडी बाद झाली.

खालची जमीनही महत्त्वाची. शहाबादी फरशी ओली झाली की मुलं घसरून पडतात. माती असेल तर पाच मिनिटांत चिखल. हिरवळ उत्तम, पण ती कितीजणींकडे असते? आम्ही माती झाडून सराटे, खडे, पत्र्याचे तुकडे वेचले, दुहेरी ताडपत्री घातली आणि तिच्यावर जुनी सतरंजी. टबाचं बूड फाटत नाही आणि मुलांच्या पायालाही मऊ लागतं.

ज्यांना अंगण नाही त्या म्हणतील, गच्ची आहे की! इथं मात्र हात जोडून सांगते, जपून. एक लिटर पाण्याचं वजन एक किलो. टबात फूटभर पाणी भरलं तर दर चौरस मीटरवर तीनशे किलो भार येतो. वावरायच्या सपाट गच्चीचा आराखडा भारतीय मानकाप्रमाणे दर चौरस मीटरला साधारण 150 किलो धरून करतात. शिवाय कठड्याजवळ ठेवलेला टब म्हणजे मुलांना वर चढायला आयती पायरी. फ्लॅटमधल्या मैत्रिणींनी सोसायटीची परवानगी काढून खालच्या मोकळ्या जागेत चटई अंथरावी. बाल्कनीत तर टब नकोच.

पाण्याचा हिशेब

पाच फूट व्यासाच्या टबात आठ इंच पाणी भरायला सुमारे 370 लिटर लागतं, म्हणजे पंधरा लिटरच्या पंचवीस बादल्या. दहा फुटी, अडीच फूट खोल टब घेतला तर पावणेचार-चार हजार लिटर! शहरात माणशी दररोज 135 लिटर पाणी धरतात. त्या हिशेबानं चौघांच्या घराचं आठवडाभराचं पाणी एका टबात.

घसरगुंडीला आणि चटईला पाइप चालू ठेवावा लागतो. किती पाणी जाईल ते कळायला सोपी युक्ती आहे. पाइपाखाली पंधरा लिटरची बादली ठेवून घड्याळ बघा. मिनिटात भरली तर तासाला नऊशे लिटर. मग आपल्या टाकीकडे बघून ठरवा. आम्ही चटईचा नळ दहा मिनिटं चालू, दहा मिनिटं बंद असा ठेवला. मुलांना त्याचाच खेळ झाला. पाणी येण्याआधी सगळी मिळून आकडे मोजायची!

वाहून गेलेलं पाणी वाया घालवू नये. ताडपत्रीला केळीच्या, कर्दळीच्या आळ्याकडे जरासा उतार दिला की झालं. मात्र पाण्यात साबण, शाम्पू घालू नका. झाडांचं नुकसान, आणि मुलांचे डोळे चुरचुरतात ते वेगळंच.

आणखी एक, गच्चीवरच्या टाकीतलं पाणी मे महिन्यात दुपारी हाताला सोसवत नाही, आणि उन्हात पडलेल्या पाइपातलं पहिलं पाणी तर चक्क पोळतं. ते आधी सोडून द्यावं आणि मग कोपर बुडवून बघावं, तान्ह्या बाळाच्या अंघोळीचं पाणी बघतो तसं.

वारा, वावटळ आणि वळीव

हे प्रकरण मला माहीतच नव्हतं. पाण्याची भीती कळत होती, वाऱ्याची नाही. पण हवेनं फुगवलेला एवढा मोठा खेळ म्हणजे शीडच की! 2016 मध्ये इंग्लंडमधल्या हार्लो गावी असा फुगवलेला वाडा वाऱ्यानं उडाला आणि सात वर्षांची मुलगी दगावली. तो चालवणाऱ्या दोघांना 2018 मध्ये तुरुंगवास झाला. ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात डेव्हनपोर्ट इथं 16 डिसेंबर 2021 ला शाळेतल्या कार्यक्रमात वावटळीनं वाडा उचलला आणि सहा मुलं गेली. वावटळ काय आपल्याला नवी आहे? चैत्र-वैशाखात रिकाम्या मैदानावर रोज एक तरी उठते.

ब्रिटनच्या सरकारी सुरक्षा खात्याच्या सूचना अशा : खेळ निदान सहा ठिकाणी बांधलेला हवा. जमिनीत मेखा ठोकता येत नसतील, तर प्रत्येक दोराला निदान 163 किलो वजन हवं. म्हणजे पन्नास किलोची वाळूची चार पोती एका दोराला, आणि असे सहा दोर! मांडववाला दोन विटा आणि एक बादली ठेवून 'काही होत नाही वहिनी' म्हणाला, तर हा आकडा त्याला सांगा. वाऱ्याचा वेग ताशी 38 किलोमीटरच्या पुढे गेला की खेळ बंद. तो मोजायचं यंत्र आपल्याकडे नसतं, पण पानांनी भरलेली लहान झाडं डोलू लागली की समजावं, वारा त्या आकड्याच्या जवळ आला. मुलांना बाहेर काढायचं आणि मग ब्लोअर बंद करायचा. आधी ब्लोअर आणि मग मुलं, असा उलटा क्रम कधीही नको.

आमच्या भागात मेमध्ये दुपारनंतर वळीव कधी येईल सांगता येत नाही. तीनला ऊन मी म्हणत असतं, चारला आभाळ काळं होऊन धुळीचे लोट उठतात. म्हणून वाढदिवस सकाळी आठ ते अकरा करायचा, असं मी ठरवलं. हे म्हणाले, "सकाळी कोण वाढदिवस करतं?" म्हटलं, आपण करू. ऊन कोवळं, वारा पडलेला, वीज जाण्याचा संभव कमी, आणि जेवणाऐवजी इडली-चटणी, केक आणि कोकम सरबतावर भागतं. पत्रिकेत फक्त 'एक जादा कपड्यांचा जोड आणि टॉवेल' एवढं लिहायला विसरू नका.

विजेचं काय?

ब्लोअर साधारण एक ते दीड अश्वशक्तीचा असतो. दीड अश्वशक्तीचा तीन तास चालला तर सव्वातीन-साडेतीन युनिटं पडतात. बिलाची काळजी नाही, काळजी ओल्या अंगणात पडलेल्या वायरची. ब्लोअर घसरगुंडीपासून चार-पाच फूट लांब, मागच्या बाजूला, कोरड्या जागी हवा. वायरचा जोड जमिनीवर पडलेला नको, आणि मुलांची तिकडे ये-जा तर अजिबात नको. घराच्या मेन बोर्डावर गळतीचा प्रवाह ओळखून वीज तोडणारं 30 मिलिअँपिअरचं उपकरण आहे का, हे आधी वायरमनला विचारा. नसेल तर पाण्याजवळ विजेवर चालणारा कुठलाही खेळ लावू नका.

आणि लाईट गेली तर? तेवढ्यासाठी एक जाणता माणूस घसरगुंडीच्या तोंडाशीच उभा हवा. ब्लोअरचा आवाज थांबला की त्यानं पहिलं काम करायचं ते मुलांना खाली उतरवण्याचं. ज्या गावात दिवसाला दोनदा वीज जाते, तिथं हा खेळ न आणणं शहाणपणाचं.

मुलं किती आणि केवढी?

अमेरिकेत 2010 साली हवेच्या वाड्यांत खेळताना जखमी होऊन रोज सरासरी 31 मुलं दवाखान्यात येत होती, असं तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या मासिकात 2012 मध्ये प्रसिद्ध झालं आहे. हात-पाय मोडणं, मुरगळणं, एकमेकांवर आदळणं हीच बहुतेक कारणं. दहा वर्षांचा दादा तीन वर्षांच्या छोटीवर येऊन पडला तर काय होणार?

म्हणून पाहुण्या मुलांची यादी वयाप्रमाणे करा. पाचाच्या आतली जास्त असतील तर चटई पुरे. सहा ते नऊची असतील तर पोटरीएवढ्या पाण्याचा टब. सगळीच आठाच्या पुढची असतील, अंगण मोठं असेल आणि माणसं असतील, तरच घसरगुंडी. तीही एकानं चढायचं, एकानं उतरायचं, बसून आणि पाय पुढे. डोकं पुढे करून कुणी येऊ लागलं तर खेळ थांबवायचा. हवा नीट भरलेली आहे ना, हे मधून मधून हातानं दाबून बघावं. मोठ्या तलावाच्या काठावर बसवायच्या हवेच्या घसरगुंड्या वापरताना त्यांतली हवा जाते आणि घसरणारा खालच्या फरशीवर आपटतो, असं आढळल्यावर अमेरिकेत 2012 मध्ये सुमारे 21 हजार घसरगुंड्या परत मागवल्या होत्या. त्यापूर्वी अशा अपघातात एका तरुण आईचा जीव गेला होता.

दंडात घालायच्या फुग्यांवर आणि पोटाच्या रिंगवर विसंबू नका. ती खेळणी आहेत, जीव वाचवायची साधनं नव्हेत.

पैसे देण्याआधी

विकत घेत असाल तर खोक्यावर आय.एस.आय. चिन्ह बघा. 1 जानेवारी 2021 पासून आपल्याकडे मुलांच्या खेळण्यांना ते सक्तीचं आहे. खोकं उघडल्यावर डोकं दुखेल असा उग्र वास आला तर परत करा. वाढदिवसाच्या आदल्या संध्याकाळीच हवा भरून ठेवा. सकाळी टब मलूल दिसला तर कुठंतरी गळती आहे. साबणाचं पाणी लावा, सायकलचं पंक्चर काढणारा शोधतो तसे बुडबुडे शोधा आणि ठिगळ लावा.

भाड्यानं आणत असाल तर मांडववाल्याला एवढं जरूर विचारा : मेखा आणि दोर किती? आमच्या फरशीवर कसं बांधणार? माणूस पूर्ण वेळ थांबणार की लावून जाणार? वीज गेली, वारा सुटला तर काय करता? मागच्या गिऱ्हाइकाकडून आल्यावर धुता का? पहिल्या प्रश्नालाच जो हसेल, त्याला नमस्कार करून फोन ठेवावा. आमच्याकडचा एक असाच हसला होता.

लाल ओढणी

आता सगळ्यात महत्त्वाचं. इतकं सगळं नीट निवडलं, तरी पाण्यावर कुणीतरी हवं. 'सगळेच होतो' म्हणजे कुणीच नव्हतं, हे मी नणंदेकडे शिकले.

आम्ही एक लाल ओढणी काढली. जिच्या गळ्यात ओढणी, तिनं पाण्यापासून हात लांब करता येईल इतक्याच अंतरावर बसायचं. तिनं फोन घ्यायचा नाही, बशा वाटायच्या नाहीत, 'जरा चटणीत मीठ बघ' म्हणून तिला कुणी हाक मारायची नाही. वीस मिनिटांनी ओढणी दुसरीच्या गळ्यात घालायची आणि मगच उठायचं. माझी मोठी जाऊ, शेजारीण, मी आणि ह्यांनाही एक पाळी दिली. गळ्यात लाल ओढणी घालून बसलेले हे बघून मुलं इतकी हसली, की ते फोटो आता वर्षभर पुरतील.

सासूबाई म्हणाल्या, "मला का नाही?" म्हटलं, "आई, त्या दिवशी तुमच्या डोळ्यांनी वाचवलं, पण पळावं मला लागलं. इथं डोळे आणि पाय दोन्ही लागतात. तुम्ही डोकी मोजा." त्यांनी ते इतकं मनावर घेतलं, की दर पाच मिनिटांनी 'अकरा' असा पुकारा व्हायचा.

देव न करो, पण मूल पाण्यातून बेशुद्ध काढावं लागलं तर त्याला उलटं धरून फिरवण्यात आणि पोट दाबून पाणी काढण्यात वेळ घालवू नका. श्वास चालत नसेल तर लगेच तोंडानं श्वास द्यायला आणि छाती दाबायला सुरुवात करायची आणि दुसऱ्यानं 108 ला फोन करायचा. हे प्रशिक्षण एका दिवसात होतं. महिला मंडळात पाककृतींच्या कार्यक्रमाबरोबर एखाद्या डॉक्टरांना बोलावून हेही करायला काय हरकत आहे? मूल खोकून रडून सावरलं, तरी डॉक्टरांना दाखवायचंच.

खेळ संपल्यावर

पाण्यात उतरण्याआधी प्रत्येकाचे पाय घमेल्यात धुवायचे आणि सगळ्यांना एकदा 'जाऊन या' म्हणायचं. जुलाब झालेल्या मुलाला त्या दिवशी काठावरच ठेवावं; वाईट वाटलं तरी बाकीच्यांचा विचार करायला हवा. खेळ संपताच टब पालथा करायचा. उद्यासाठी तेच पाणी ठेवायचं नाही, कारण त्यात मुलांच्या अंगाची घाण असते, आणि साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास आठवडाभरात तयार होतो. मग टब पुसून सावलीत वाळवावा, घडीत थोडी पावडर भुरभुरावी. ओला गुंडाळला तर बुरशी येते. माळ्यावर टाकताना झाकणाच्या डब्यात ठेवा, नाहीतर पुढच्या मेपर्यंत उंदीर त्याची जाळी करून ठेवतील.

तर आमच्याकडे शेवटी आली ती फवाऱ्याची एक चटई आणि पाच फुटांचा एक टब. पावणेअकराला टब पालथा केला, सासूबाईंनी शेवटची 'अकरा' म्हटली, आणि त्यानंतरच मी मेणबत्त्या पेटवल्या. दुपारी चारला वळीव आला. अंगणातल्या खुर्च्या उलट्या झाल्या, ताडपत्री उडून शेजारच्या पेरूवर जाऊन बसली. हे खिडकीत उभे राहून बराच वेळ ती ताडपत्री बघत होते. काही बोलले नाहीत.

रात्री धाकटा माझ्या कुशीत शिरून म्हणाला, "आई, मजा आली. पण पुढच्या वर्षी घसरगुंडी आणायची ना?"

"बघू," मी म्हटलं. "तू मोठा होशील रे, पण अंगण तेवढंच राहणार आहे."